मदत हवी आहे: रात्री ईएल८४ व्हॉल्व्हची प्लेट लालसर होते

जळगाव जिल्ह्यातील आमच्या गावी दिवसा २३० व्होल्ट असणारा वीजपुरवठा शेतीपंप बंद झाल्यावर, म्हणजे नेमका गाणी ऐकण्याच्या वेळी, २५० पर्यंत चढतो. एक ईसीसी८३, एक ईएल८४ (आउटपुटचा व्हॉल्व्ह) आणि ईझेड८० रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) अशा काचेच्या व्हॉल्व्हच्या माझ्या मोनो अँप्लिफायरमध्ये तेव्हा हाय टेन्शन (प्लेटला जाणारे डीसी) २८८ व्होल्ट व फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) ६.८५ व्होल्ट होते. १३५ ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर ८.६ व्होल्ट मिळतात, म्हणजेच १२ वॉट मर्यादेची प्लेट १५ वॉटच्या आसपास उष्णता सोसते.

कपलिंग कपॅसिटर बदलला आहे, व्हॉल्व्हच्या ग्रिडवर डीसी नाही आणि दुसरा व्हॉल्व्ह लावूनही फरक पडला नाही. कॅथोडला २२० ओहम लावल्यावर प्लेटची लाली गेली. मात्र दिवसा आवाज दबतो आणि फिलामेंटचे व्होल्टेज अर्थातच तसेच राहते. जुना ट्रान्सफॉर्मर बदलायचा नाही, आणि स्टॅबिलायझरच्या रिलेची खटखट गाण्याच्या मध्येच नको आहे.

म्हणून १ अँपिअरच्या लहान ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी मेन्सच्या मालिकेत उलट फेजने जोडण्याचा विचार आहे, म्हणजे पुरवठ्यातून तेवढे व्होल्ट वजा होतील. दिवसा फिलामेंट फार खाली जाऊ नये, यासाठी ती १२ व्होल्टची घ्यावी की १८ व्होल्टची, आणि १२ ची घेतल्यास कॅथोड रेझिस्टर किती ठेवावा?