मदत हवी आहे: चढावर जोर दिला की गाडी मिसिंग करते, गॅरेजमध्ये मात्र सुतासारखी सरळ

मंडळी, गेले दोन महिने या एका दुखण्याने डोकं पोखरलंय. गाडी २००४ ची, पेट्रोल, चार सिलिंडर, मल्टिपॉइंट इंजेक्शन. आतापर्यंत १,४२,००० किलोमीटर झालेत. बाबांनी हौसेने नवी घेतलेली गाडी आहे आणि आता त्यांना दर पंधरा दिवसांनी तपासणीला याच गाडीतून नेतो. त्यामुळे विकायची नाही, पण भरवसा नसताना त्यांना घेऊन रस्त्यावर काढायचीही नाही.

होतं असं की चौथ्या गिअरमध्ये, दोन हजारच्या आसपास आरपीएम असताना चढ लागला किंवा ओव्हरटेकसाठी पाय दाबला की गाडी धक-धक-धक झटके देते. मागून कुणी पट्टा ओढून धरावा तसं. पाय सैल केला की लगेच शहाणी. सकाळी हवेत दमट गारवा असेल तर हमखास होतं, कोरड्या दुपारी आठ-आठ दिवस काहीच नाही. गेल्या आठवड्यात ट्रक ओलांडताना ऐन मध्यावर दम सोडला, समोरून गाडी येत होती आणि बाबा शेजारी बसले होते. त्या वेळी चेक इंजिनचा दिवा चार-पाच वेळा लुकलुकला आणि नंतर विझला.

आयडलिंगला काही नाही. उभ्या गाडीत रेस केली तरी काही नाही. म्हणून गॅरेजमध्ये नेली की मिस्त्री म्हणतात, "साहेब, गाडी चांगली चाललीये की!" तीन महिन्यांपूर्वी त्यांनी चारही प्लग नवे टाकले. आता म्हणतायत कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) सगळंच बदलून बघू. बघू म्हणजे काय? नेमकं काय बिघडलंय हे कळल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही असं मी ठरवलंय.

मी घरी केलेलं सांगतो. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, पी ०३०३ मिळाला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. कोड पुसला, चार दिवसांनी तोच परत. मग तिसरा प्लग पहिल्या सिलिंडरला आणि पहिला तिसऱ्याला लावला. कोड तिसऱ्यावरच राहिला, म्हणजे प्लग निर्दोष. (तिसऱ्या प्लगच्या भोकात थोडं तेल दिसलं, ऑइल भरताना सांडलं असेल म्हणून पुसून टाकलं.) कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही ठिकाणी १६८ ते १७६ पीएसआय, म्हणजे ठीक. प्लगच्या लीड्स (कॉइलपासून प्लगपर्यंतच्या जाड वायरी) मीटरवर मोजल्या, सगळ्या पाच ते आठ किलोओहममध्ये, लांबीप्रमाणे. लीड्स ठीक. आता इंजेक्टरच उरतो का? की कॉइल?

उत्तर

दादा, पद्धतशीर गेलाय, पण दोन ठिकाणी घाई झाली.

पहिली घाई लीड्सच्या बाबतीत. ओहम मोजले म्हणजे आतला गाभा सलग आहे एवढंच कळलं. मीटर लीडमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट सोडतो, प्रत्यक्षात तिच्यातून पंधरा-वीस हजार व्होल्ट जातात. वरचं रबर कुठे तडकलं असेल तर ते मीटरला कधीच दिसणार नाही.

तुमच्या लक्षणांची संगतीही तिथेच लागते. पाय दाबला की सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो आणि प्लगची फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. ते चढलं की करंट सोपी वाट शोधतो, रबरातून थेट इंजिनच्या लोखंडाकडे. दमट हवेत ती वाट आणखी सोपी होते. उभ्या गाडीत कितीही रेस केली तरी तेवढा दाब तयार होत नाही, म्हणून गॅरेजमध्ये गाडी गुणी. हवेची गळती असती तर उलट आयडलिंगलाच जास्त खडखड झाली असती.

आता कॉइल. लीड्स आहेत म्हणजे तुमच्याकडे बहुधा दोन कॉइलचा पॅक असेल, एक कॉइल १ आणि ४ साठी, दुसरी २ आणि ३ साठी. कॉइल कमजोर झाली असती तर दुसऱ्या सिलिंडरचाही कोड कधी ना कधी आला असता. फक्त तिसराच येतोय, तेव्हा संशय कॉइलच्या पुढे.

दुसरी घाई म्हणजे ते पुसलेलं तेल! ऑइल भरताना सांडलेलं तेल नेमकं एकाच भोकात कसं जाईल? टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) गॅस्केटबरोबर प्लगच्या नळीची सीलं असतात, ती कडक झाली की तेल भोकात झिरपतं. त्या तेलात महिनोन्‌महिने बसून लीडचं रबरी टोपण फुगतं, मऊ पडतं आणि तिथूनच ठिणगी बाहेर पळते.

आता एवढं करा. इंजिन थंड असताना तिसऱ्याची लीड काढा, टोपण आतून बॅटरीच्या उजेडात बघा. मग लांबी पुरत असेल तर २ आणि ३ च्या लीड्स सिलिंडरच्या बाजूला आपापसात बदला आणि गाडी त्याच चढावर न्या. कोड पी ०३०२ झाला तर चोर सापडला. इंजिन चालू असताना लीड उपटून बघू नका, झटका बसेल आणि कॉइलही जाईल. आणि कोड मिळेपर्यंतच चालवा, जास्त ताणू नका. दिवा लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. बाबांना तोवर दुसऱ्या गाडीने न्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल सकाळी उघडलं.

तिसऱ्या भोकात पुन्हा तेल, प्लगचं षटकोनी डोकं बुडेल एवढं. टोपणाचं रबर बोटाने दाबलं तर लगदा झाल्यासारखं लागलं, आणि आतल्या बाजूला केसाएवढी करडी रेघ वरपासून कडेपर्यंत गेलेली. प्लग काढला तर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवरही पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. हा प्लग मूळचा पहिल्या सिलिंडरचा, मी बदलला तेव्हा स्वच्छ होता. म्हणजे इथे आल्यावरच डागाळला.

तरी खात्री म्हणून भोक कोरडं केलं आणि २-३ च्या लीड्सची अदलाबदल केली. आज पहाटे दव असताना एकटाच चढावर गेलो. दुसऱ्याच वळणावर तेच झटके, आणि स्कॅनरवर पी ०३०२. इतकं हायसं वाटलं की गाडी बाजूला लावून दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

लीड्सचा पूर्ण संच, टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि नळीची सीलं मागवली आहेत. आधी सीलं, मग लीड्स, नाहीतर नव्या टोपणाचीही हीच गत होईल. रेघ पडलेला प्लगही फेकतोय.

आता एकच विचारायचं आहे. कव्हर उघडणारच आहे तर टॅपेट क्लिअरन्सही (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) तपासून घेऊ ना? इतक्या किलोमीटरमध्ये ते कधी बघितल्याची नोंद नाही. आणि कव्हरचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने थोडेथोडे आवळायचे, हे बरोबर ना?