‘विरलनेपथ्य’ म्हणजे कमी कपडे की कमी सेट?

नौपाडा, ठाणे :
संस्कृत नाट्यस्पर्धेसाठी कालिदासाचं ‘मालविकाग्निमित्र’ बसतंय. प्रेक्षकांना द्यायच्या पत्रकात मराठी गोषवारा हवा आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी दोन नृत्यशिक्षकांच्या शिष्यांची परीक्षा ठरते, मालविका त्यातली एक. तेव्हा परीक्षक असलेली परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, म्हणते, ‘विरलनेपथ्ययोः पात्रयोः प्रवेशोऽस्तु’. एका मसुद्यात याचं ‘मोजक्या नेपथ्यात दोघींचा प्रवेश होऊ दे’ असं झालंय. ते वाचून नेपथ्यकारांनी दुसऱ्या अंकातले दोन फ्लॅट (कापडी भिंती) आणि मागची लेव्हल (उंच चौथरा) काढायला घेतली. वेशभूषा बघणाऱ्या ताई म्हणतात, इथे नेपथ्य म्हणजे कपडे. मराठी प्रेक्षकाला पटकन कळेल असा शब्द सुचवा. हलका पोशाख, मोजका पेहराव की साधा वेश? पत्रक या आठवड्यात छापायला द्यायचं आहे.

वाशी :
कपडेच, शंका नको. त्याच वाक्यात आधी कारण दिलंय, ‘सर्वाङ्गसौष्ठवाभिव्यक्तये’. नाचणारीच्या सगळ्या अंगांचं सौष्ठव दिसावं म्हणून. लेव्हल काढून कुणाचं सौष्ठव दिसणार? अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाची ओळ बघा : ‘आकल्पवेषौ नेपथ्यं प्रतिकर्म प्रसाधनम्’. पाचही शब्द नटण्यासजण्याचे आहेत. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीला ‘नेपथ्यविधान’ आटोपलं असेल तर इकडे ये म्हणतो, तेव्हा तिचं आवरून झालं का, एवढंच तो विचारतोय. जैन आगमातल्या स्थानांगात स्त्रीकथेचे चार प्रकार दिलेत : जाति, कुल, रूप आणि नेपथ्य. तिथे सेटचा संबंधच येत नाही.

कोपरी, ठाणे :
या वाक्यापुरतं वाशीकरांचं बरोबर. पण म्हणून सेटला नेपथ्य म्हणणारे सगळे चुकले, असं कुणी म्हणू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्याभिनय, म्हणजे बाह्य साधनांनी होणारा अभिनय, सांगताना नेपथ्याचे चार प्रकार दिलेत : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सज्जीव. अलंकारात माळा, दागिने आणि वस्त्रं येतात. अंगरचना म्हणजे आपली रंगभूषा. सज्जीव म्हणजे रंगमंचावर आणायचे प्राणी. आणि पहिलाच प्रकार, पुस्त, म्हणजे डोंगर, रथ, विमान, ढाल, ध्वज अशा बनवलेल्या वस्तू. त्याचेही प्रकार आहेत. चटया, कापड, चामडं जोडून केलेलं ते संधिम, यंत्राने हलणारं ते व्याजिम, कापड गुंडाळून आकार दिलेलं ते वेष्टिम. लाकडी चौकटीवर कापड ताणून आपण जो फ्लॅट करतो, त्याला भरताच्या हिशेबात पुस्तातच जागा मिळेल. मूळ शब्दाच्या पोटात कपडे आणि सेट दोन्ही होते. मराठीने त्यातलं एक उचललं.

वाशी :
उचललं हे मान्य, पण कसं? कोपरीकर, नेपथ्यगृह कुठे होतं ते बघा. भरताचं विकृष्ट मध्यम, म्हणजे मधल्या आकाराचं आयताकृती नाट्यगृह ६४ हात लांब, ३२ हात रुंद. अर्धं प्रेक्षकांचं. उरलेल्या अर्ध्यात पुढे रंगपीठ आणि रंगशीर्ष हे रंगमंचाचे भाग, आणि सगळ्यात मागे १६ हात खोल नेपथ्यगृह. हात दीड फुटाचा धरला तर ४८ फूट रुंद आणि २४ फूट खोल. तिथून रंगमंचावर यायला दोन दारं, मधे वादक बसलेले. म्हणजे हा सरळसरळ आपला रंगपट. तिथून आलेल्या आवाजाला नाटककारांनी ‘नेपथ्ये’ अशी सूचना दिली. पुढे वाचकांना नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा वाटू लागली. हिंदीत तोच अर्थ टिकला. मराठीत रंगवलेले पडदे आले, मग बांधीव सेट आले, आणि ते सांभाळणाऱ्या खात्याला हा रिकामा शब्द चिकटला. पुस्ताची आठवण ठेवून कुणी तो निवडला, असं मला वाटत नाही.

कळवा :
कसाही चिकटला असेल, आता तो पक्का आहे. १९७८ पासून उभ्या असलेल्या गडकरी रंगायतनात नाटकाची श्रेयनामावली ऐका. नेपथ्य म्हटलं की सेट, वेशभूषा म्हटलं की कपडे. त्यात घोळ नाही. पत्रकात नेपथ्य शब्द आणूच नका. मला खरा त्रास होतो तो ‘नेपथ्यात राहून काम केलं’ या वाक्याचा. मराठीत माणूस पडद्यामागे राहतो. नेपथ्यात राहायला तो काय भिंतीत चिणलाय?

ऐरोली :
शब्द ठरेल तेव्हा ठरेल, पण कपडे आधी ठरवा, कारण ‘विरल’चा अर्थ शिवताना लागतो. विरल म्हणजे झिरझिरीत नव्हे. थर कमी, जडपणा कमी. भरजरी शालू नाही, अंगभर शेला नाही, कोपरापर्यंत बांगड्या नाहीत. कंबर, खांदा, मनगट आणि घोटा यांची रेषा मोकळी हवी.

अंतरीय, म्हणजे कमरेखालचं वस्त्र, नुसतं नेसवू नका, शिवूनच घ्या. एका साडीच्या साडेपाच मीटर कापडात नृत्याचा पायजमा आणि पुढचा पंखा बसतो. पंख्याच्या चुण्या इस्त्री करून दोऱ्याने बांधून ठेवा आणि प्रवेशाआधीच सोडा. पावसाळ्यात रंगपटात अर्धा तास लटकत ठेवल्या तरी त्या फुगतात. जॉर्जेट घेऊ नका, घामाने पायाला चिकटतं आणि मंडीत, म्हणजे गुडघे वाकवून नाचाच्या पवित्र्यात, बसताना ओढलं जातं. सुती कापड खळ घालून वापरा.

उत्तरीय, म्हणजे खांद्यावरचं वस्त्र, अडीच मीटर पुरे. पिन डाव्या खांद्यावर, पण ती चोळीच्या शिवणीतून काढा. नुसत्या कापडातून काढली तर दुसऱ्या गिरकीला कापड फाटतं. दुसरी पिन मेखलेखाली, म्हणजे कमरपट्ट्याखाली. पांढरं कापड दिव्याखाली भगभगतं आणि चेहरा काळवंडतो. चहाचं पाणी उकळून, गाळून, चिमूटभर मीठ घालून कापड १५ ते २० मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा. सुती कापड रंग धरतं, पॉलिस्टर धरत नाही. आणि हे दोन्ही पात्रांच्या कपड्यांना एकाच भांड्यात करा, नाहीतर छटा वेगळ्या येतात.

नाट्यशास्त्रात वेशाचे शुद्ध, विचित्र आणि मलिन असे तीन प्रकार आहेत. राजा विचित्रात, म्हणजे रंगीबेरंगी भरजरीत. तो शेजारी बसलेला असताना मालविका हलक्या रंगात आली की विरलपण आपोआप दिसतं.

नौपाडा, ठाणे :
ऐरोलीच्या ताई, हे फार उपयोगाचं आहे, कपडेपट सांभाळणाऱ्यांना लगेच पाठवतो. शब्दाचं मात्र अडलेलंच आहे.

बेलापूर :
शब्दाच्या मुळाकडे कुणी गेलंच नाही. ‘नेत्रांना पथ्य ते नेपथ्य’ ही फोड सोडून द्या, तसं असतं तर ‘त्र’ कुठे गेला? माझ्या मते नेपथ्य आणि आपलं ‘नेसणे’ एकाच घरातले. नि + वस्, अंगावर घालणे. पालीत ‘निवत्थ’ म्हणजे नेसलेला. प्राकृतात वेशाला ‘णेवत्थ’ म्हणतात. वस्त्राचं वत्थ होतं, हस्ताचं हत्थ होतं, मग णेवत्थाच्या मागे ‘वस्त’ असणार. पंडितांनी प्राकृत शब्दाला संस्कृत मुलामा दिला आणि नेपथ्य तयार झालं.

घणसोली :
ऐकायला छान, पण टिकत नाही. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होणं प्राकृतात रोजचं आहे : दीपाचा दिवा, तापाचा ताव. ‘थ्य’चा ‘च्छ’ होतो, मिथ्याचं मिच्छा. ‘मिच्छामि दुक्कडं’ आपल्याकडे दरवर्षी ऐकू येतं. त्या नियमाने नेपथ्याचं ‘णेवच्छ’ होतं आणि ते रूपही प्राकृतात आहे. शिवाय नि + वस् मधून ‘णि’ येईल, ‘णे’ कुठून आला?

बेलापूर :
नेसणेतला ‘ने’ आला तिथूनच. आणि णेवच्छाचं सांगितलंत, णेवत्थाचं काय? ‘थ्य’मधून ‘त्थ’ काढून दाखवा.

घणसोली :
नेसणेतला ‘ने’ हा मधला ‘व’ गळून दोन स्वर एकत्र आल्यावर झालाय. णेवत्थात ‘व’ शाबूत आहे, म्हणजे तिथे ती वाट बंद. ‘त्थ’ कदाचित वत्थ शब्दाच्या ओढीने आला असेल. अर्थ जवळचे असले की रूपंही एकमेकांसारखी होतात.

बेलापूर :
म्हणजे वस्त्राचा संबंध तुम्हीच मान्य केलात.

घणसोली :
ओढ मान्य केली, जन्म नाही.

कळवा :
नौपाडाकर, ‘हलक्या वेशभूषेत’ लिहा आणि छापा. पोशाख म्हटलं की फारसीतला अख्खा मानाचा पोशाख डोळ्यांपुढे येतो. मालविकेच्या बाबतीत तर नेमकं उलट सांगायचंय.

वाशी :
पोशाखाला मानाचं ओझं नाही. पोशीदन म्हणजे झाकणे, पलंगपोसातला पोस तोच. पण झाकण्याचाच शब्द म्हणून तो इथे नको, तेवढं पटलं. वेशभूषा चालेल, फक्त ‘वेषभूषा’ असं लिहा. अमरकोशात कपड्यांसाठी ‘वेष’ आहे, तालव्य ‘वेश’ तिथे वेश्यावस्तीसाठी दिलाय.

कोपरी, ठाणे :
मग शाळेच्या गणवेशाचं काय करायचं? संस्कृत कोशांमध्ये पोशाखाच्या अर्थी दोन्ही रूपं आहेत. मराठीत वेशांतर, गणवेश, वेशभूषा सगळीकडे ‘श’ रुळलाय. नाट्यगृहाच्या फलकांवर तोच असतो.

वाशी :
रुळला म्हणून शुद्ध होत नाही. ‘गणवेष’ लिहिणाऱ्यालाही लाल शाईने चूक दाखवतात, ते तर नक्कीच अन्यायाचं आहे.

ऐरोली :
श असो वा ष, दुसऱ्या पात्राची चोळी कुठल्या रंगाची आहे ते कळवा. गडद असेल तर चहाच्या भांड्यात घालू नका, रंग उतरून बाकीचे कपडे डागतील.