पाणबुड्या धाटणीच्या जुन्या सिको घड्याळात दमटपणा शिरला आहे – मार्गदर्शन हवे

माझ्याकडे सिकोचे एसकेएक्स ००७ हे घड्याळ आहे. मामा आखातात नोकरीला असताना त्यांनी ते घेतले होते, त्यामुळे वाराच्या चकतीवर इंग्रजीबरोबर अरबी अक्षरेही आहेत आणि वार अरबीत लावून ठेवण्याची खोड आमच्या धाकट्याला लागली आहे. हे मॉडेल १९९६ मध्ये आले. आत ७एस२६ हे स्वयंचलित यंत्र असल्याने सेल लागत नाही, हाताने चावीही देता येत नाही. मनगट हलत राहिले की ते चालते. तबकडीवर २०० मीटरपर्यंत पाणीरोधक असल्याचा उल्लेख आहे.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. आमच्याकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहेच. जुलैत भाताच्या रोप लावणीच्या दिवसांत मी हे घड्याळ हातातून काढले नाही, कारण २०० मीटरपुढे गुडघाभर चिखल तो काय, अशी माझी समजूत होती. एके दिवशी चुलीपाशी चहा घेऊन विहिरीच्या गार पाण्याने हात धुतले, तेव्हा काचेवर जिथे थेंब पडले होते नेमकी तिथेच आतून वाफ धरलेली दिसली. पाच-दहा मिनिटांत ती गेली. पण दुसऱ्या दिवशी मुद्दाम गार थेंब टाकून पाहिला, तर पुन्हा तेच.

त्याआधी उन्हाळ्यात एका कारागिराने, सेल बदलायचा आहे असे समजून, मागचे झाकण उघडले होते. तेव्हा रबरी रिंग नीट बसली नसावी, हा माझा पहिला संशय. दुसरा संशय चार वाजण्याच्या जागी असलेल्या चावीवर आहे: ती आत दाबून फिरवली की पूर्वी चांगली घट्ट बसत असे, आता जेमतेम एक वेढा घेऊन सैल पडते. सध्या घड्याळ कोरड्या तांदळाच्या डब्यात ठेवले आहे, परंतु त्याने आतला दमटपणा निघेल याची मला स्वतःलाच फारशी खात्री वाटत नाही.

वेळेबद्दल तक्रार नाही. दिवसाला सुमारे तीस सेकंद पुढे जाते, आणि या यंत्राला चाळीसपर्यंतची सवलत कंपनीनेच दिलेली असल्याने त्यासाठी मी ते उघडणार नाही.

जाणकारांना विनंती अशी की, झाकण, चावी आणि काच या तिन्हींच्या रिंगा एकदमच बदलून घ्याव्यात का, आणि चावीचे आटे झिजले असतील तर नुसती चावी बदलून भागते की घड्याळाच्या बाहेरच्या कवचाचेच आटे गेलेले असतात? काम झाल्यावर दाबाखाली घड्याळ तपासून देणारा विश्वासू कारागीर बेळगाव, कोल्हापूर, हुबळी किंवा पणजी यांपैकी कोठे आहे? मूळ तबकडी व काटे मात्र मला बदलायचे नाहीत, मामांनी वापरलेले तसेच राहू द्यायचे आहेत. तेव्हा ती अट मान्य करणारा कोणी असेल तर आवर्जून कळवावे.