शब्दचर्चा: ‘ग्रब उडाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

जळगाव:
आपल्याकडे लिनक्स सुरू झालं नाही की दुरुस्तीवाले एकच बोलतात, ‘ग्रब उडाला.’ ग्रब म्हणजे मशीन चालू केल्यावर लिनक्स उचलून आणणारा छोटा प्रोग्राम, म्हणजेच बूटलोडर. पार्टिशन उडतं, विंडोज उडतं, तसा ग्रबही उडतो. हा वापर बरोबर आहे का? आणि ‘बूट होणे’ला, म्हणजे मशीन सुरू होण्याला, आपला शब्द हवा का?

धुळे:
आधी ‘बूट’. पायातला बूट आणि हा बूट मुळात एकच. उंच बुटाला मागे ओढायला पट्टा शिवलेला असतो, तो ‘बूटस्ट्रॅप’. तोच ओढून स्वतःला वर उचलायचं, ही कल्पना संगणकात आली. मशीन सुरू करायच्या जुन्या बायोसच्या पद्धतीत (नवी ती यूईएफआय) डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा, त्यात बूटच्या कोडला जेमतेम ४४६ बाइट. एवढ्या जागेतून पुढचं सगळं खेचून आणायचं. ‘प्रारंभ’ म्हटलं की ही खेच हरवते. ‘बूट होणे’च राहू द्या.

‘उडणे’ मात्र खटकतं. उडणे म्हणजे पुसलं जाणं. दोन-तीन डिस्कच्या मशीनवर ग्रब बहुतेक वेळा शाबूत असतो, फक्त भलत्या डिस्कवर बसलेला असतो. बाहेरच्या डिस्कवर उबुंटू टाकताना बूटलोडरची जागा पाहिली नाही, तर तो आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (यूईएफआयसाठी बूटलोडर ठेवायचा भाग) जाऊन बसू शकतो. मग बाहेरची डिस्क काढली की आतलं मशीन ग्रबच्या काळ्या प्रॉम्प्टवर थांबतं, आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर तिथेही उठत नाही. उडालं काहीच नाही, ताटातूट झाली.

भुसावळ:
धुळ्याच्या भाऊंचं पटलं. म्हणून तीन क्रियापदं वेगळी ठेवावीत, कारण तिघांवरचे उपाय वेगळे आहेत.

‘दिसत नाही’ म्हणजे बूट मेनूत डिस्कच नाही. केबल, पोर्ट बदलून पाहा. पेनड्राइव्ह असेल तर फॅट३२ पार्टिशनवर ‘ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल आहे का बघा, कारण यूईएफआय काढघालीच्या डिस्कवर हाच पत्ता शोधतं. ग्रब-इन्स्टॉलला ‘--रिमूव्हेबल’ दिलं की फाइल तिथेच पडते.

‘सापडत नाही’ म्हणजे ग्रब आला, पण ‘नो सच डिव्हाइस’ म्हणून थांबला.

‘अडकलं’ म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) आला, पण एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी) लिहिलेली डिस्क जोडलेली नाही. सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) साधारण ९० सेकंद वाट पाहतं आणि इमर्जन्सी मोडला नेतं. जादा डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ घातलं की गाडी पुढे जाते.

इथे आमच्या जंक्शनची भाषा कामी येते. लिनक्स डिस्कना देतं ती ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं म्हणजे फलाट. पेनड्राइव्ह लावून सुरू केलं की कालचा एसडीए आज एसडीबी होऊ शकतो. यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक, हा गाडीचा नंबर, फलाट बदलला तरी तो तोच. एफएसटॅबमध्ये फलाट लिहू नका, ‘ब्लकआयडी’ या आज्ञेने मिळालेला नंबर लिहा.

नंदुरबार:
‘सापडत नाही’साठी ग्रबच्या प्रॉम्प्टवरच ‘एलएस’ (यादी दाखवणारी आज्ञा) द्या. डिस्क शून्यापासून मोजतात, पार्टिशन एकपासून; म्हणून (एचडी१,जीपीटी२) म्हणजे दुसऱ्या डिस्कचं दुसरं पार्टिशन. इथेच लोक चुकतात. प्रत्येकावर ‘एलएस (एचडी१,जीपीटी२)/’ असं देत ‘बूट’ फोल्डर दिसेपर्यंत जा. मग ‘सेट रूट=(एचडी१,जीपीटी२)’, ‘सेट प्रीफिक्स=(एचडी१,जीपीटी२)/बूट/ग्रब’, ‘इन्समॉड नॉर्मल’, शेवटी ‘नॉर्मल’. मेनू आला तरी हे एकदापुरतं आहे. लिनक्समध्ये शिरल्यावर ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवायलाच हवं. बायोस मशीनवर तिथे अख्खी डिस्क द्या, ‘एसडीए’, ‘एसडीए१’ नव्हे.

चाळीसगाव:
‘उडाला’ अगदी हद्दपार करू नका. बायोस मशीनवर लिनक्सनंतर त्याच डिस्कवर विंडोज टाकलं की पहिल्या सेक्टरचा कोड खरंच बदलतो. तिथे ग्रब उडालाच. यूईएफआयवर विंडोज बहुधा बूटच्या यादीत स्वतःचं नाव वर नेतं, तेवढंच; लिनक्समधल्या ‘ईएफआयबूटएमजीआर’ या आज्ञेने क्रम बदलला की ग्रब परत येतो. त्याला ‘मागे पडला’ म्हणावं.

आणि ग्रबच्या मेनूत विंडोज नसेल, तर त्याला ‘दिसत नाही’ म्हणू नका, भुसावळच्या अर्थाशी घोटाळा होतो. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसरी सिस्टम शोधणं मुळातच बंद असतं. डिफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब फाइलीत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ लिहा आणि अपडेट-ग्रब द्या. तिथे ‘यादीत नाही’ हेच नेमकं.