मदत हवी आहे: अर्धशिशीचं इंजेक्शन विमानातून कसं न्यावं?

मंडळी, आईला घेऊन मस्कतला भावाकडे जायचंय. जुनाट अर्धशिशीसाठी तिला महिन्यातून एकदा एरेनुमॅबचं इंजेक्शन, भरलेलं पेन, घ्यावं लागतं. ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं आणि गोठलं तर फुकट, म्हणून मूळ खोक्यासकट हातातल्याच बॅगेत ठेवणार. डॉक्टरांची चिठ्ठी, बिल सोबत.

खरी धाकधूक रत्नागिरी ते मुंबईची. मे महिना, त्यात कोकण रेल्वे! घरात सुरमई आणायचा थर्माकोलचा डबा आहे, पण आईला त्यात औषध नकोच. जेल पॅक टॉवेलात गुंडाळून पुरतो का? अर्धवट वितळलेला पॅक सिक्युरिटीवाले अडवतात का? ओमानसाठी डॉक्टरांचं इंग्रजी पत्र चालतं, की आधी परवानगी लागते? कुणी नेलं असेल तर सांगा. आई तर म्हणते, 'सुंठ उगाळून लावीन, पेन राहू दे!'