छत्रीची वायर थेट कॉम्प्युटरला लावली तर फ्री डिश दिसेल का?

मंगळवारपेठकर
नमस्कार मंडळी. घरात टीव्ही एकच, आणि संध्याकाळी सातनंतर रिमोट आईसाहेबांच्या ताब्यात. डीडी स्पोर्ट्सवर कुस्ती लागली तरी मला मालिकाच बघाव्या लागतात. माडीवर जुना डेस्कटॉप आहे. गच्चीवर रिचार्ज बंद केलेली एका कंपनीची छत्री पडून आहे. ही दोन्ही जोडता येतील का? पूर्वी केबल बघायचो ते टीव्ही ट्यूनर कार्ड अजून आत बसलेलं आहे. नेट आमच्या बोळात रडतंय, तेव्हा ॲप सुचवू नका.

रंकाळा_काठ
तरी सुचवतो. प्रसार भारतीचं वेव्हज ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलंय, दूरदर्शन त्यावर लाइव्ह दिसतं. कशाला गच्चीवर चढतोस?

छत्रीवाला_बावडा
त्यानं नेट नाही म्हटलंय की राव.

भावा, दिसतंय. पण त्या कार्डावर नाही. ते ॲनालॉग केबलचं. छत्रीकडनं खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो, तिथवर त्या कार्डाचा हात पोचत नाही. तुला डीव्हीबी-एस२, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल घेणारं कार्ड पाहिजे, आत बसणारं किंवा यूएसबीचं. नुसतं डीव्हीबी-टी लिहिलेलं घेऊ नको, ते साध्या अँटेनाचं. यूएसबीचं घेतलंस तर सोबत वेगळा अडॅप्टर आहे का बघ. एलएनबीला, म्हणजे छत्रीच्या दांड्यावर बसतो त्या डोक्याला, वायरीतनंच १३ नाहीतर १८ व्होल्ट द्यावे लागतात, आणि यूएसबीच्या ५ व्होल्टवर ते भागवणं अवघड.

आता छत्री. फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनपैशाची सेवा, जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्व. कोल्हापुरातनं तो आग्नेयेला येतो, उत्तरेपासनं मोजलं तर साधारण १२९ अंशांवर, आणि क्षितिजापासनं ६० अंश वर. एवढा वर म्हणून लोक छत्री आभाळाकडं उताणी करतात आणि दिवसभर शोधत बसतात. आपली छत्री ऑफसेट असते, तिचं तोंड दिसतं त्यापेक्षा ती वीसेक अंश वरचं बघते. त्यामुळं ती बऱ्यापैकी उभीच राहणार. आणि एलएनबी मानेत फिरवायला विसरू नको, आपल्याकडं जवळजवळ ४८ अंशांचा तिरपेपणा लागतो. निम्मे लोक इथंच अडकतात. दिशा बरोबर, सिग्नल मात्र मेलेला.

कॉम्प्युटरवर लिनक्स असेल तर टीव्हीहेडएंड सॉफ्टवेअर टाक, विंडोजला प्रोगडीव्हीबी चालतं. फ्रिक्वेन्सी ११०९० मेगाहर्ट्झ व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००, एवढं घालून आधी एकच ट्रान्सपॉन्डर पकड, म्हणजे बरीच चॅनेलं एकत्र खाली पाठवणारा उपग्रहावरचा एक प्रक्षेपक. गंमत अशी की, एका ट्रान्सपॉन्डरवरची सगळी चॅनेलं कार्डाला एकदमच मिळतात. एक बघत दुसरं रेकॉर्ड करता येतं. साधं चॅनेल तासाला दीडेक जीबी जागा खातं.

जून ते सप्टेंबर कोसळायला लागला की चित्र फुटणार, केयू बँडचा, म्हणजे ह्या छत्र्यांच्या फ्रिक्वेन्सीचा, स्वभावच तो. गच्चीवर जागा असेल तर अडीच-तीन फुटी लाव, जरा तग धरतं.

मंगळवारपेठकर
लई उपकार, दादा. मग आईच्या बॉक्सवरची पैसे भरलेली चॅनेलं पण याच कार्डावर येतील?

छत्रीवाला_बावडा
नाही. ती कुलूपबंद येतात आणि किल्ली त्या बॉक्समध्येच असते. "सगळं फुकट उघडून देतो" म्हणणारा भेटला तर लांबनंच नमस्कार कर. त्या बॉक्सच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्ही पिना यूएसबी कॅप्चरला लावून चित्र कॉम्प्युटरवर घेता येतं, पण चॅनेल बदलणार बॉक्सच. म्हणजे परत आईचाच रिमोट. एचडीएमआयवरनं घ्यायला गेलास तर बहुतेक काळा पडदा दिसेल, त्यात कॉपी-बंदी असते.

छत्री कंपनीची म्हणालास ना? गच्चीवर जाऊन एलएनबीवर काय आकडा छापलाय तो वाच आधी.

मंगळवारपेठकर
वाचला. एल.ओ. १०६००, बाकी पुसलंय.

छत्रीवाला_बावडा
वाटलंच. एल.ओ. म्हणजे एलएनबी आलेल्या फ्रिक्वेन्सीतनं वजा करतो तो आकडा. ११०९० मधनं १०६०० वजा केले की ४९० उरतात, आणि कार्ड ९५० च्या खाली बघतच नाही. ९७५०/१०६०० असा दोन आकड्यांचा युनिव्हर्सल एलएनबी पाहिजे, त्यातल्या ९७५० नं १३४० येतील. घेणारच आहेस तर दोन तोंडांचा घे. उद्या खालच्या टीव्हीला फ्री डिशचा बॉक्स लावावा वाटला तर दुसरी छत्री नको. जुनी वायर उन्हानं कडक झाली असेल तर तीही बदल, आरजी-६ घे.

रंकाळा_काठ
ते झाल्यावर कुस्ती बघायला वर येतो.