भोर घाटावरच्या प्रयोगपटात भुतं हवीत का?

रानवाट: कार्ल्याची लेणी आणि जुना मुंबई-पुणे रस्ता एकत्र गुंफणारा, निवेदन नसलेला प्रयोगपट कुणीतरी करावा असं फार वाटतं. फक्त त्यात या रस्त्यावरच्या भोर घाटात (खंडाळ्याच्या घाटात) दिसते म्हणतात ती पांढऱ्या साडीतली, लिफ्ट मागणारी भुताची बाई नको. १८५६ ते १८६३ या काळात इथे रेल्वे चढवताना कॉलऱ्याने, तापाने, अपघातांत मेलेल्या मजुरांचा काही अभ्यासकांचा अंदाज २५ हजारांवर जातो. त्यांची नावं कुठे आहेत? कार्ल्याच्या चैत्यात मात्र धेनुकाकट नावाच्या गावच्या सामी या सुताराचं नाव सुमारे दोन हजार वर्षं टिकून आहे, दाराचं काम त्याचं म्हणून. लेण्यातलं ते नाव आणि बोगद्याची कोरी भिंत, दोन्हींवर कॅमेरा निवांत थांबू दे. शब्दांची गरज नाही.

कातळकडा: कशी नाही? ज्याला काहीच माहीत नाही त्याला कोरी भिंत काय सांगणार? १८५९ मध्ये मजुरीवरून इथे मजुरांनी दंगा केला होता. त्याच वर्षी ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या आजाराने गेला आणि ठेका त्याची बायको अ‍ॅलिसकडे आला. ठेकेदारांची नावं कागदावर राहिली, मजुरांची गेली. हे पडद्यावर लिहूनच दाखवावं लागेल. प्रयोगाच्या हट्टापायी ते गाळलंत तर मजूर पुन्हा एकदा पुसले जातील.

सांजसावली: तुम्हा दोघांना भुतांचं एवढं वावडं का? जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. या धनगराने गोऱ्या साहेबाला घाटातली वाट दाखवली आणि साहेबाने त्यालाच गोळी घातली, अशी कथा. दप्तरात पुरावा मिळो न मिळो, ड्रायव्हर नाणं टाकून पुढे जातात. दप्तराने जे राखलं नाही ते लोकांनी अशा कथांत राखलं. ते अंधश्रद्धा म्हणून कापणार?

रानवाट: शिंग्रोबा मी भुतांत धरतच नाही, त्याला ठेवा. माझा राग लिफ्ट मागणाऱ्या बाईवर आहे. ती कसाऱ्यातही असते, कशेडीतही. या घाटाशी तिचं काही नातं नाही.

सांजसावली: असं तुम्ही ठरवायचं? रात्री ट्रक हाकणाऱ्याला विचारा. जिथे वारंवार अपघात होतात त्याच वळणावर ती दिसते. या रस्त्यावर मेलेल्यांची तेवढीच आठवण शिल्लक असेल, तर दिग्दर्शकाने ती ऐकलीच पाहिजे.

कातळकडा: ऐकावी, जरूर. पण ट्रकवाल्याच्याच आवाजात, त्याच वळणावर. धुकं आणि पार्श्वसंगीत घातलंत की ती त्याची आठवण उरणार नाही, आणि मी उठून जाईन.